चौघांतला नेमका कोण?

‘गाडी मिसिंग मारतेय’ असं पिकअपचा ड्रायव्हर सांगतो, तेव्हा निम्मं निदान त्याने आधीच केलेलं असतं. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट लादून वाशीला जाणाऱ्या पिकअपमध्ये बहुधा अडीच लिटरच्या आसपासचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. गाडी उभी असताना ते मिनिटाला साधारण 750 फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून सेकंदाला 25 धक्के. इतके जवळजवळ बसलेले धक्के अंगाला वेगवेगळे कळत नाहीत, नुसती घरघर जाणवते. पण चौघांतल्या एकाने दांडी मारली की सेकंदाला सहाएक वेळा खाडा पडतो, आणि तेवढा संथ हादरा हाताला लगेच लागतो. गिअरचा दांडा नाचतो, आरशातलं चित्र फिसकटतं.

मग सुरू होते घाई. कुणी फिल्टर बदलायला सांगतो, कुणी टाकी धुवायला, कुणी थेट चारही इंजेक्टर खोलायला. शेवटच्या सल्ल्याचं बिल पाच आकडी होतं आणि हादरा पुष्कळदा तिथेच राहतो. कुठलाही पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा: चौघेही बिघडलेत की एकटाच? डिझेलची टाकी, फिल्टर, पंप, हवेचा रस्ता चौघांचा सामाईक आहे. तिथला दोष सगळ्यांना बाधतो. इंजेक्टर, व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा, हीटर प्लग मात्र ज्याचे त्याचे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवाच इतकी दाबायची की तिच्यात फवारलेलं इंधन आपोआप पेटावं, ही रुडॉल्फ डिझेलची कल्पना. 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याचं इंजिन चाचणीला उतरलं आणि इंधनातल्या ऊर्जेपैकी 26 टक्के कामी आणून दाखवली. हवा सतराव्या हिश्श्यात दाबली की तिचं तापमान 500 अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. म्हणजे सिलिंडरच्या गरजा दोनच: पुरेशी तापलेली हवा आणि मोजून, बारीक तुषारांत मिळालेलं इंधन. हे मोजमाप भलतंच नाजूक असतं. उभ्या गाडीत एका स्फोटाला जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम डिझेल लागतं. पाण्याच्या थेंबापेक्षा सात-आठ पट कमी. त्यात दोन मिलिग्रॅमची चूक झाली तरी सिलिंडर लंगडतो.

सामाईक दोषांचा निकाल लवकर लागतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेतली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते. डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाला बसतं आणि त्या सीमारेषेवर बुरशीसुद्धा वाढते. फिल्टरखालचा नळ सोडून बाटलीत थोडं डिझेल काढलं, दहा मिनिटं ठेवलं, की पाण्याचा थर स्वच्छ वेगळा दिसतो. फिल्टरच्या वॉशरमधून किंवा तडकलेल्या पाइपमधून पंपाने हवा ओढली, तर इंजिन वर-खाली झुलतं, मध्येच दम टाकतं; तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तर जळका धूर पुन्हा आत येतो, चौघांनाही ताजी हवा कमी पडते आणि मागून काळा धूर निघतो. पांढऱ्या धुराची कहाणी वेगळी. सकाळी दोन मिनिटं हादरे आणि पांढरा धूर, मग सगळं सुरळीत, असं असेल तर एखादा हीटर प्लग गेलाय किंवा एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची ताकद, पडलंय. थंड धातूने हवेची उष्णता खाल्ली आणि डिझेल न जळताच बाहेर आलं.

दोष एकट्याचा निघाला की खरी गंमत सुरू होते. जुन्या मेकॅनिकांची युक्ती अशी: इंजिन चालू ठेवायचं, एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. काम करणारा सिलिंडर बंद पडला की आवाज बदलतो. ज्याचा नट सोडूनही काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच निजलेला. उरलेले तिघे तुलनेला हजर असल्याने वेगळं उपकरण लागतच नाही.

चारही इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जबर दाबाचं डिझेल मिळतं, त्या कॉमन रेल इंजिनावर मात्र हा प्रयोग करायचा नाही. नुसत्या उभ्या इंजिनातही पाइपमध्ये 250-300 बार दाब असतो, जोर लावला की 1,600 बारच्या घरात. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घालते, आणि बोटावरची ती टिकलीएवढी जखम शस्त्रक्रियेपर्यंत नेते. विजेचा कनेक्टर ओढून काढणंही शहाणपणाचं नाही. तिथे 60-70 व्होल्ट खेळत असतात. संशयित शोधायचं काम इंजिनाच्या कंप्युटरला जोडायच्या स्कॅनरवर सोडावं.

स्कॅनरला हे कळतं कसं? क्रँकशाफ्टवर साठ दातांच्या जागा असलेलं एक चाक असतं, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. त्या फटीवरून फेऱ्याची सुरुवात ओळखायची. उभ्या गाडीत एक दात सेन्सरसमोरून जायला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. सिलिंडर पेटला की चाक कणभर वेगाने फिरतं, अशक्त असेल तर कणभर रेंगाळतं. कंप्युटर हा फरक मोजतो आणि अशक्ताला थोडं जास्त, तगड्याला थोडं कमी डिझेल देऊन चौघांना एका रांगेत आणतो. सोय चांगली, पण माझ्या मते लबाडही: दोष वाढत असतो आणि ड्रायव्हरला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. मात्र ही दुरुस्ती स्कॅनरवर आकड्यांत वाचता येते. एकालाच सतत दोन-तीन मिलिग्रॅम जास्त द्यावे लागत असतील, तर तोच संशयित.

आता त्याचा इंजेक्टर दोषी की कॉम्प्रेशन? ‘पंप-नोझल’ची पाटी लावलेल्या दुकानात यासाठी चार छोट्या बाटल्या असतात. इंजेक्टर थोडं डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे पाठवतो. त्या नळ्या काढून प्रत्येकाखाली एक बाटली लावायची आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुप्पट-तिप्पट भरली, तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. चारही समान असतील, तर संशयिताचा इंजेक्टर शेजाऱ्याला लावून पाहावा. हादरा शेजारी गेला तर इंजेक्टरच दोषी; जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह, रिंगा, गॅस्केट तपासायचे. आदलाबदल करताना दोन गोष्टी पाळाव्यात. तळाचं तांब्याचं वॉशर नवंच घालायचं, नाहीतर तिथून गॅस फुटून डांबरासारखी काजळी जमते. आणि इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड कंप्युटरला नव्याने सांगायचा. नाशिकच्या बॉश कारखान्यात, ज्याला शहर अजून जुन्या नावाने मायकोच म्हणतं, असे नोझल-इंजेक्टर बनतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजण्याचं काम असूनही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे उतरत नाहीत. कुणाचा फवारा किती कमी-जास्त, तेच त्या कोडमध्ये लिहिलेलं असतं.

कधीकधी स्कॅनरवरचे चारही आकडे शून्याजवळ येतात, धूर नाही, बाटल्या समान, तरी केबिन थरथरतेच. अशा वेळी इंजेक्टरला हातही लावू नये. हँडब्रेक ओढून, पायब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडायचा. दुसऱ्याने गाडीसमोर नव्हे, बाजूला उभं राहून उघड्या बोनेटमध्ये बघायचं. इंजिन एका अंगाने चांगलंच वर उचललं गेलं, तर रबराचं माउंटिंग फाटलंय. ते बदलायचा खर्च एका नव्या इंजेक्टरच्या मानाने किरकोळ असतो.