पृष्ठवर्धित रामन वर्णपटविज्ञान

चांदी, सोने किंवा तांबे यांच्या खडबडीत पृष्ठभागावर अथवा अतिसूक्ष्म कणांवर अधिशोषित झालेल्या (पृष्ठभागाला चिकटून राहिलेल्या) रेणूंचे रामन प्रकीर्णन नेहमीपेक्षा लाखो पटींनी तीव्र होते. या आविष्कारावर आधारलेल्या विश्लेषण पद्धतीला पृष्ठवर्धित रामन वर्णपटविज्ञान म्हणतात. कार्बनी रेणू व चांदीचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांश भागांत, म्हणजे नॅनोमीटरमध्ये, मोजण्याजोगे कण) ही या पद्धतीतील पुष्कळच अभ्यासिली गेलेली जोडी होय.

एकाच तरंगलांबीचा प्रकाश पदार्थावर टाकला असता त्याचा अल्पांश सर्व दिशांना विखुरतो. विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळ तरंगलांबीचाच असतो. परंतु अगदी थोड्या प्रकाशाची रेणूच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव होते व त्याची तरंगलांबी बदलते. सी. व्ही. रामन व के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये कलकत्ता येथे हा परिणाम शोधून काढला आणि त्याबद्दल रामन यांना १९३० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूची कंपने त्याच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे त्याचा रामन वर्णपट ही त्याची ओळखखूणच असते. मात्र हा प्रकाश इतका क्षीण असतो की, एकेरी रेणूंच्या जाडीच्या थरापासून तो मिळविणे दीर्घकाळ अशक्यप्राय मानले जाई.

इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमान, पॅट्रिक हेंड्रा व जेम्स मॅक्विलन यांनी १९७४ मध्ये चांदीच्या विद्युत् अग्रावर अधिशोषित झालेल्या पिरिडिनाचा स्पष्ट वर्णपट मिळविला. त्यांनी विद्युत् रासायनिक क्रियेने ते अग्र मुद्दाम खडबडीत केले होते. क्षेत्रफळ वाढल्याने अधिक रेणू बसावेत एवढाच त्यांचा हेतू होता आणि तीव्रतेचे कारणही त्यांनी तेच मानले. प्रयोग बरोबर पण स्पष्टीकरण अपुरे, असे हे उदाहरण आहे. अमेरिकेतील डेव्हिड जीनमेअर व रिचर्ड व्हॅन डाइन आणि इंग्लंडमधील ग्रांट आल्ब्रेक्ट व ॲलन क्रेटन यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे हिशोब मांडला. त्यावरून प्रत्येक रेणूमागे प्रकाश सुमारे एक लाख ते दहा लाख पट वाढला असल्याचे दिसले. क्षेत्रफळातील वाढीने इतकी वृद्धी होणे शक्य नव्हते.

या वृद्धीचे मुख्य कारण धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांत आहे. मार्टिन मॉस्कोव्हिट्स यांनी १९७८ मध्ये तसे सुचविले होते. योग्य कंप्रतेचा प्रकाश पडला की, लहानशा कणातील इलेक्ट्रॉन एकत्रितपणे मागेपुढे आंदोलित होतात व कणाच्या लगत विद्युत् क्षेत्र पुष्कळ प्रबल होते. रेणूवर पडणारा प्रकाश त्यामुळे वाढतो आणि रेणूने विखुरलेला प्रकाशही कणाच्याच साहाय्याने वाढून बाहेर पडतो. ही वाढ अशी दोनदा होत असल्याने एकूण तीव्रता स्थानिक क्षेत्राच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात असते; क्षेत्र दहापट झाले, तर प्रकाश दहा हजार पट होतो. चांदीत हे आंदोलन दृश्य प्रकाशाच्या विस्तृत पट्ट्यात, अल्प ऊर्जाक्षयाने घडून येते. सोने व तांबे तांबड्या प्रकाशातच चांगले काम देतात. याखेरीज धातू व रेणू यांच्यातील विद्युत् भाराच्या देवघेवीमुळे होणारी लहान वृद्धीही असते.

चांदीचे कण तयार करणे सोपे आहे. ली व मायझेल यांच्या १९८२ च्या पद्धतीत सिल्व्हर नायट्रेटाच्या उकळत्या विद्रावात सोडियम सायट्रेट घालून कलिल बनवितात. त्यात थोडे लवण मिसळले की, कण परस्परांजवळ येऊन त्यांचे पुंजके बनतात. दोन कणांमधील सुमारे एक नॅनोमीटरच्या फटीत क्षेत्र सर्वांत प्रबल असते. अशा जागांना तप्त बिंदू म्हणतात. डेना डलॉट व सहकारी यांनी २००८ मध्ये चांदीच्या एका पृष्ठभागावर केलेली मोजणी उद्बोधक आहे. दहा लाखांपैकी अवघ्या ६३ जागांवर वृद्धी शंभर कोटी पटींहून अधिक होती आणि एकूण प्रकाशापैकी २४ टक्के या मूठभर जागांतूनच येत होता. म्हणजे ज्याला नमुन्याचा वर्णपट म्हणावयाचे, तो बराचसा थोड्या भाग्यवान रेणूंचा असतो. कोणता पदार्थ आहे हे या पद्धतीने चटकन कळते, पण किती आहे हे सांगणे कठीण जाते, त्याचे हे एक मोठे कारण होय.

अधिशोषणाने रेणूत होणारे बदलही वर्णपटात उमटतात. द्रवरूप पिरिडिनाच्या वलयाचे प्रसरण-आकुंचन सुमारे ९९१ तरंगांकास (दर सेंटिमीटरमधील तरंगांची संख्या) दिसते. चांदीवर ते १,००८ च्या आसपास सरकते, कारण नायट्रोजन अणू धातूशी बंध जोडतो. थायोफिनॉलातील गंधक–हायड्रोजन बंधाची २,५७० नजीकची रेषा चांदीवर नाहीशीच होते. हायड्रोजन निघून जातो व गंधक चांदीला जोडले जाते.

रंजकद्रव्यांची अनुदीप्ती (शोषलेला प्रकाश वेगळ्या रंगात बाहेर टाकण्याचा गुणधर्म) सामान्य रामन वर्णपट झाकून टाकते. धातूच्या सान्निध्यात ती मंदावते, हा आणखी एक लाभ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयातील मार्को लिओना यांनी २००९ मध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ईजिप्शियन चामड्याच्या तुकड्यातील मंजिष्ठाचा रंग या पद्धतीने ओळखला. त्यासाठी सूक्ष्म कणाएवढा नमुना पुरला. दुधातील मेलामिनाची भेसळ व फळांवरील कीटकनाशके शोधण्यासाठीही ती वापरतात. रंजकद्रव्यांच्या बाबतीत एकाच रेणूचा वर्णपट मिळाल्याचे दोन गटांनी १९९७ मध्ये जाहीर केले. त्या वेळी सांगितलेली शंभर लाख कोटी पटींची वृद्धी मात्र पुढील मोजणीत टिकली नाही.

चांदी ही केवळ तटस्थ साक्षीदार नसते, ही गोष्ट पॅरा-ॲमिनोथायोफिनॉलाच्या प्रकरणात ठळक झाली. या रेणूच्या वर्णपटातील १,१४२, १,३९० व १,४३२ या तरंगांकांजवळच्या प्रबल रेषा भाराच्या देवघेवीचा पुरावा म्हणून अनेक वर्षे दाखविल्या जात. चीनमधील शामेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, या रेषा त्या रेणूच्या नव्हेतच. लेसर प्रकाश व चांदी यांच्या संयुक्त परिणामाने दोन रेणू जोडले जाऊन बनलेल्या ॲझो संयुगाच्या त्या आहेत. त्यामुळे लेसरची तीव्रता कमी करून वर्णपट पुन्हा घेणे व रेषा बदलतात काय हे पाहणे आवश्यक ठरते. त्याच वर्षी त्याच विद्यापीठातून सोन्याच्या कणांवर सिलिकेचे काही नॅनोमीटर जाडीचे कवच चढवून ते नमुन्यावर पसरण्याची रीत पुढे आली. कवचामुळे धातूचा रेणूशी प्रत्यक्ष संपर्क टळतो. मात्र अंतर वाढल्याने वृद्धी काहीशी घटते.