खोडा, पण पुसू नका

पुसणे आणि खोडणे ही दोन क्रियापदे आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. पण पाटी पुसली की खाली कोरा दगड उरतो. कागदावर खोडले तर रेघेखालचे अक्षर वाचता येते. बँकेच्या खतावणीत पुसण्याला सक्त मनाई असे. आकडा चुकला तर त्यावर आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी अधिकाऱ्याची छोटी सही. हा धडा नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच मिळे.

आज तो आठवण्याचे कारण म्हणजे संगणकाच्या दुनियेत आलेले ‘एआय एजंट’. आमच्या कुरुंद्यात एजंट म्हटले की विम्याचा माणूस किंवा मोंढ्यातला अडत्या डोळ्यांसमोर येतो, आणि ती तुलना फारशी चुकीची नाही. हा नवा एजंटही आपल्या वतीने टपाल वाचतो, उत्तरे पाठवतो आणि सांगितले तर संदेश काढून टाकतो. प्रत्येक कामासाठी त्याच्या हाती एक ‘टूल’, म्हणजे अवजार दिलेले असते. त्या अवजाराच्या आत काय चालते हे त्याला सहसा दिसत नाही. दिसतो तो सोबतचा माहितीचा कागद : नाव काय, काम काय, कोणती माहिती पुरवावी लागते. तो वाचूनच तो अवजार उचलायचे की नाही हे ठरवतो. संदेश काढणाऱ्या अवजाराचा असा कागद लिहिणे म्हणजे जवळजवळ मुखत्यारपत्र लिहिणेच होय.

टेलिग्रामच्या बॉटसाठी लिहिलेला कागद या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. कोणत्या गप्पांतला, कितव्या क्रमांकाचा संदेश, हे सांगावेच लागते. सर्वसाधारणपणे ४८ तासांच्या आतलाच संदेश काढता येतो, आणि एका वेळी १०० पेक्षा जास्त नाहीत. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची, अवजारे एजंटला जोडण्याची पद्धत जाहीर केली. त्यात २०२५ मध्ये एक खूण आली : हे अवजार विध्वंसक आहे काय? बदल करणाऱ्या अवजाराबद्दल काहीच लिहिले नसेल, तर ते विध्वंसक आहे असेच धरायचे. सावध माणसाने केलेला नियम आहे हा. मात्र ही खूण म्हणजे केवळ सूचना आहे. परक्याच्या खुणेवर विसंबू नये, असेही तिथेच बजावले आहे.

विसंबल्यास काय होते, ते जुलै २०२५ मध्ये दिसले. अमेरिकेतील गुंतवणूकदार जेसन लेमकिन रेप्लिट कंपनीच्या एजंटकडून एक कार्यक्रम तयार करून घेत होते. ‘आता काहीही बदलू नकोस’ असे बजावूनही एजंटने चालू माहितीसाठा साफ केला. वर ‘आता हे परत आणता येणार नाही’ असेही सांगितले. प्रत्यक्षात ते परत आणता आले. म्हणजे शब्दांची ताकीद पुरत नाही, कुलूपही लागते.

हे कुलूप आपल्या महसूल खात्याने फार पूर्वीच घडवले आहे. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले, तरी हाताने लिहिलेल्या उताऱ्यात ते पुसले जात नसे. त्याला कंस होई आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडे. त्या क्रमांकावरून नाव कोणी, कधी, कशाच्या आधारे कमी केले, हे नातवालाही शोधता येते. शिवाय तलाठ्याने फेरफार धरला, तरी संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो पक्का होतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा.

ही केवळ संगणकवाल्यांची चिंता आहे, असे समजू नये. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. भिजलेला कागद पुन्हा उभा राहत नाही. अशा वेळी मोबाईलमध्ये काढून ठेवलेला फोटो हाच पुरावा. हळदीच्या विक्रीची पट्टी, बँकेचा संदेश, परगावच्या लेकीचा निरोप, वारलेल्या वडिलांचा रेकॉर्ड केलेला आवाज, हे सारे आज त्याच एका डब्यात, शेकडो ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली पडलेले असते. ‘जुने नको ते काढून टाक’ एवढेच एजंटला सांगितले, तर ‘नको ते’ कोणते, हे तो कशावरून ठरवणार?

म्हणून त्या कागदावर चार गोष्टी साध्या भाषेत हव्यात. कोणाचे संदेश काढता येतील. काढलेले किती दिवस परत आणता येतील. काढण्यापूर्वी माणसाची संमती कशी घेतली जाईल. आणि काढल्याची नोंद कुठे राहील. व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये ‘सर्वांसाठी डिलीट’ची सोय दिली, तेव्हाही संदेशाच्या जागी तो काढल्याची ओळ ठेवलीच. तीही एका परीने कंसच आहे.

घरातल्या मुलांनी असा मदतनीस आजोबांच्या फोनवर बसवून देण्यापूर्वी हे चार प्रश्न त्याला जरूर विचारावेत. उत्तरे मिळाली नाहीत, तर वाचण्याचे काम त्याला खुशाल द्यावे. काढण्याचे तेवढे आपल्या हाती ठेवावे.