ऑपेरा शिकायचाय? पाटी नको, शिक्षक बघा

छत्रपती संभाजीनगरात गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलांची कमी नाही. त्यातलं एखादं बारावीच्या वर्षी ‘मला ऑपेरा शिकायचाय’ म्हणालं, की घरात जे सल्ले मिळतात त्यातले बरेचसे ऐकीव असतात.

पहिला सल्ला: ऑपेरा म्हणजे परदेशी संगीत नाटकच, इथल्या गुरुजींकडचा पाया पुरतो.

पाया कामी येतोच. सुराचा कान आणि रियाजाची शिस्त हे मोठं भांडवल आहे. पण १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्या परंपरेत पदांच्या मध्ये गद्य संवाद येतात. ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच बोललं जातं. त्याहून मोठा फरक पट्टीचा. आपला गायक गळ्याला सोसेल ती पट्टी धरतो, काळी एक म्हणा की काळी चार. ऑपेरात ही मुभा जवळजवळ नाही. संगीतकारानं लिहिलेला सूर लिहिला तिथंच लागला पाहिजे. म्हणून गळ्याची जात ओळखणं महत्त्वाचं: सोप्रानो की मेझो, टेनर की बॅरिटोन. अठराव्या वर्षी ती पक्की ठरवता येत नाही. विशीत ती हळूहळू उलगडते, भारी आवाज तर तिशीनंतर पिकतात. पहिल्याच वर्षी पोरांना जड भूमिका गायला लावणारं कॉलेज मला तरी खटकतं.

‘आवाज दणदणीत हवा’ हेही अर्धसत्य. माइक नसतो, हे खरं. पण तालमीतल्या गळ्याचा, विशेषतः पुरुषांचा, नाद ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटतो, आणि वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली, ५०० हर्ट्झच्या सुमारास असतो. म्हणून तो आवाज वाद्यांतून वर येतो. नुसतं ओरडणाऱ्याचा गळा तेवढा बसतो.

तिसरा गैरसमज प्रमाणपत्राचा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड म्हणजे पदवी नव्हे. इंग्लंडच्या पात्रता चौकटीत ती तिसऱ्या पातळीवर आहे, साधारण आपल्या बारावीच्या तोडीची. प्रमाणपत्र असावं, पण चांगल्या संस्थेत प्रवेश ठरतो ऑडिशनवर.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, नाव मोठं ते कॉलेज चांगलं. जिथं पदव्युत्तर वर्ग मोठे असतात, तिथं मुख्य भूमिका बहुधा त्याच विद्यार्थ्यांकडे जातात. पदवीचा विद्यार्थी कोरसमध्ये उभा राहतो. तेव्हा विचारायचं ते हे: आठवड्याला एकट्याचे किती धडे? शिकवणार कोण, आणि ते स्वतःच्या कार्यक्रमांसाठी किती महिने बाहेर असतात? इटालियन, जर्मन, फ्रेंच उच्चार कोण करून घेतं? पं. नाथराव नेरळकर इथल्या सरस्वती भुवन महाविद्यालयात शिकवत. त्यांचा शिष्य आपली ओळख कॉलेजवरून देईल की गुरूवरून, हे या गावाला सांगायला नको. शक्य असेल तर प्रवेशाआधी त्या शिक्षकाकडे एक धडा मागून घ्यावा. धड्यानंतर गळा मोकळा वाटतो की दुखतो, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

राहिला पैसा. ‘परदेश म्हणजे घर गहाण’ असं सरसकट नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणीशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. अमेरिकेतली कर्टिस संस्था १९२८ पासून शिकवणीशुल्क घेत नाही, मात्र तिथं जागा मोजक्याच. भारतातच सुरुवात करायची तर चेन्नईत २००८ साली सुरू झालेली के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकल्या, आणि आता त्यांचा ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम भारतीय गायकांना शिकवतो.

जर्मनीचा विचार असेल, तर शुल्क नसलं तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो आधी बँकेत दाखवावे लागतात. शिवाय जर्मन भाषेची परीक्षा असते, आणि तिची तयारी अकरावीतच सुरू केलेली बरी.