रेघ की भेग?

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, बव्हेरियाच्या सीमेलगत श्टाइनबर्ग आम रोफान नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या वर, श्नाइडयोखच्या अंगाला डोंगरात एक कपार आहे आणि तिच्यात पाण्याचा झरा. या कपारीच्या भिंतीवर कोरलेल्या ओळी १९५७ साली अभ्यासकांसमोर आल्या. ओळी दोन हजार वर्षांहून जुन्या, भाषा रेटिक.

आल्प्समधल्या रेटी लोकांची ही भाषा. इ.स.पू. १५ मध्ये द्रुसस आणि टायबेरियस यांनी हा मुलुख रोमसाठी जिंकला आणि हळूहळू लॅटिननं ती पुसून टाकली. उरले ते सुमारे तीनशे लेख. बहुतेक इटलीतल्या त्रेंतिनो आणि दक्षिण टिरोल भागातले, आणि तेही काशाच्या वस्तूंवर किंवा हरणाच्या शिंगांवर, खडकावरचे थोडेच.

आपल्याकडे ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा प्राकृत ओळखीची होती, म्हणून अक्षरं लागताच अर्थही हाती आला. रेटिकची गोष्ट उलटी आहे. तिची अक्षरं प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लिपीच्या वळणाची, बहुधा उजवीकडून डावीकडे लिहिलेली, वाचता येतात. अडतं ते पुढे. अडीच-तीन शब्दांचा लेख मोठ्यानं वाचावा आणि अर्थ विचारला की गप्प बसावं, असा प्रकार.

खडकावर तर वाचणंही सोपं नाही. ही अक्षरं सरळ रेघांची, नि दगडाला निसर्गतःच सरळ भेगा पडतात. पाणी झिरपून कडा गुळगुळीत होतात, वर शेवाळ चढतं, आणि एखाद्या वाटसरूनं शेजारी स्वतःचं नाव कोरून ठेवलेलं असतं. भरदुपारच्या उजेडात भिंत कोरी वाटते. तिरपा प्रकाश टाकला की खोबणीत सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. पण त्याच सावलीत भेगही अक्षरासारखी दिसते. म्हणून दिव्याची जागा बदलत एकाच ठिकाणचे अनेक फोटो घ्यावे लागतात. पूर्वी कोरलेल्या रेघांत खडू भरायची पद्धत होती. मला ती घातकच वाटते: खडू भरणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं, की रेघ कुठली. त्यापेक्षा शंकास्पद अक्षराखाली टिंब देणं, नि गेलेल्या जागी चौकोनी कंस मोकळा सोडणं बरं. हे टिंब मला विद्वत्तेची सर्वांत प्रामाणिक खूण वाटते.

तरीही थोडं कळलं आहे, आणि ते नावांमुळे. कान्हेरीच्या पाणपोढ्यांवरच्या लेखांत दात्याचं नाव येतं, कोणाचा कोण ते येतं, दिलेलं दान येतं. रेटिक लेखही पुष्कळदा दानाचेच असावेत असं मानतात. श्टाइनबर्गच्या एकाहून अधिक ओळींत 'कस्त्रि' हे नाव दिसतं. रेटिक पुरुषांच्या नावांत बापाच्या नावाला 'नु' आणि बायकांच्या नावांत 'ना' लागतो, हेही अशाच नावांवरून ताडलं. एट्रुस्कनमध्ये 'त्सिनाके' म्हणजे 'केलं, घडवलं'; रेटिकमध्ये अगदी त्याच्या जवळचं रूप सापडतं.

रोमन इतिहासकार लिव्हीनं रेटी हे मूळचे एट्रुस्कन, डोंगरात राहून भाषा बिघडलेले, असं लिहून ठेवलं होतं. १९९८ साली भाषाशास्त्रज्ञ हेल्मुट रिक्स यांनी व्याकरणाची रूपं शेजारी-शेजारी मांडून रेटिक आणि एट्रुस्कन भाषांचं नातं दाखवलं. एजियन समुद्रातल्या लेम्नोस बेटावर सापडलेल्या शिळेची भाषा याच कुळातली. मात्र नात्यातली म्हणजे बिघडलेली एट्रुस्कन नव्हे. रेटिक ही बहीण आहे, लेक नाही. आज त्या भागात बोलल्या जाणाऱ्या लादिन आणि रोमान्श भाषांना 'रेटो-रोमान्स' म्हणतात, पण त्या लॅटिनच्या लेकी. नाव तेवढं उरलं.

व्हिएन्ना विद्यापीठातल्या श्टेफान शुमाखर आणि कोरिना सालोमोन यांच्यासारख्या अभ्यासकांनी सगळे लेख एका ऑनलाइन संग्रहात आणले आहेत. त्यात श्टाइनबर्गची पानं उघडली की कस्त्रिचं नाव भेटतं. तो झऱ्यापाशी कशासाठी आला होता, हे मात्र त्या भिंतीवरून कळत नाही.