तेल कुठे घालायचं नाही?

दुसरबीडच्या शिवारात मोटा बंद पडून पिढी उलटली, तरी मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकलेली माणसं अजून भेटतात. चाक कुरकुरलं की आसाला तेलाचा बोळा फिरवायचा, विषय संपला. शिडाच्या नौकेवरही दोर आणि चाकंच असतात, फक्त तिथे तेलाची बुधली काढायच्या आधी दहादा विचार करावा लागतो.

गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचीच धाकटी बहीण 'तारिणी' घेऊन नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी ऑक्टोबर 2024 मध्ये निघाल्या आणि मे 2025 मध्ये परतल्या. अशा नौकेची डोलकाठी सात-आठ मजली इमारतीएवढी. मोठ्या शिडाची एक कड तिच्या खाचेतून सरकत्या पट्ट्यांवर वर-खाली होते. दक्षिण महासागरात वादळ उठलं की शीड मिनिटा-दोन मिनिटांत आखडावं लागतं. अशा वेळी पट्टी खाचेत अडकली, तर नौकेचं काही खरं नाही.

पट्टी अडकते कशामुळे? पहिला गुन्हेगार मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. शिंतोडे वाळले की खाचेत आणि कप्प्यांमध्ये टोकदार स्फटिक उरतात. त्यावर ग्रीस चोपडलं की मीठ आणि धूळ त्यात कालवली जाऊन पॉलिश पेपरसारखा खरखरीत लेप तयार होतो, शिवाय शिडावर काळे डाग पडतात ते वेगळेच. म्हणून जाणकार आधी गोड्या पाण्याने सगळं धुऊन काढतात, आणि वाळल्यावर टेफ्लॉन किंवा सिलिकॉनचा कोरडा फवारा मारतात. टेफ्लॉन 1938 मध्ये रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघातानेच लागलं. फारसं काहीच त्याला चिकटत नाही, त्यामुळे मीठही नाही.

दुसरं कारण खुद्द वारा. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं. वाऱ्याने फुगलेलं शीड पट्ट्यांना खाचेच्या भिंतीवर रेटतं. तेव्हा कितीही फवारा मारा, ओढणारा घामाघूम होणारच. नौकेचं नाक वाऱ्याकडे वळवा, शीड फडफडू द्या, दाब गेला की पट्ट्या सुटतात. हे वंगण फुकटचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात गुणकारी.

कप्प्यांचा हिशोब मात्र निर्दय. शीड ओढणारा दोर कप्प्यांवरून जातो. त्यातली प्रत्येक कप्पी ताकदीचा दहावा हिस्सा खाते असं धरलं, तर चार कप्प्या ओलांडेपर्यंत शंभरातले 66 उरतात. इथे घर्षण नकोच.

आणि त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला ते हवंच! दोर शेवटी विंचच्या, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राच्या, उभ्या पिंपाला गुंडाळतात. अठराव्या शतकात लिओनहार्ड ऑयलर यांनी दाखवलं, की प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक 0.2 असेल तर एका वेढ्याला साडेतीन पट, तीन वेढ्यांना सुमारे 43 पट. म्हणजे हाताने 20 किलोंचा ताण धरणारी बाई पलीकडचा साडेआठशे किलोंचा ताण पेलते. आता कुणा उत्साही माणसाने पिंपाला तेल लावलं आणि घर्षणांक निम्म्यावर आला, की त्याच तीन वेढ्यांची पकड जेमतेम साडेसहा पट उरते. साडेआठशेचे एकदम एकशेतीस. बाकीचा दोर हाताची सालं काढत निघून जाईल.

विंच उघडलं की आत आणखी बारकावा. दातेरी चाकांना ग्रीस, तेही पातळ थर. पण चाक उलटं फिरू नये म्हणून स्प्रिंगवर उडणारे जे छोटे खटके असतात, त्यांना फक्त हलकं तेल. ग्रीसमध्ये खटका चिकटून बसला आणि उघडलाच नाही, तर ताणलेला दोर विंचला उलटं फिरवतो आणि विंच फिरवायचा दांडा मनगटावर बसतो.

डोलकाठीवरचे स्क्रू तपासणं हे याच कामाचं पुढचं अंग. काठी अ‍ॅल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. मध्ये खारं पाणी आलं की छोटी बॅटरीच सुरू होते. अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी साचते आणि स्क्रू असा जाम होतो की शेवटी ड्रिल चालवावं लागतं. बसवतानाच दोन धातूंमध्ये वीजरोधक लेप भरला, तर ही वेळ येत नाही.