आजोबांचे किल्लीचे घड्याळ

आमच्या घरी १९५८ साली पणजीत विकत घेतलेले एक स्विस मनगटी घड्याळ आहे. आजोबा तेव्हा डिचोलीच्या एका खाणीवर कारकून होते. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि १९५४ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली होती. तरीही डिचोलीचे लोहखनिज बार्जांतून मांडवीमार्गे मुरगावला उतरे व जपानकडे जाई. त्या पैशावर युरोपातील चैनीचा माल इकडे येई. पत्रादेवीच्या पलीकडे, बांदा-सावंतवाडीच्या आमच्या सोयऱ्यांना जे घड्याळ दुर्मीळ, ते अलीकडे पेडण्या-डिचोलीत खाणीवरच्या कारकुनाच्याही मनगटावर दिसे.

घड्याळ समारंभात घालावयाचे. पांढरी तबकडी, बारीक काटे, कातडी पट्टा, आणि सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकेल इतके पातळ. सेलचा संबंध नाही. किल्ली दिली की आतली स्प्रिंग आवळली जाते. ती उलगडताना दंतचक्रे फिरतात, आणि पुढे-मागे झुलणारे बॅलन्सचे चाक तिला एकदम सुटू देत नाही. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे तासाला १८,०००. आजोबा रोज सकाळी पूजेनंतर किल्ली देत. ते काम त्यांनी दुसऱ्या कोणावर कधी सोपविले नाही.

१९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि पुढे किल्लीची घड्याळे कपाटात गेली. आपल्या एच.एम.टी.चा घड्याळ-कारखानाही २०१६ साली बंद करण्याचे ठरले. आता मात्र तेच जुने रूप परत आले आहे. १८६५ पासून मुंबईत व्यापार करणारी फाव्र-लूबा ही स्विस पेढी २०२३ साली एका भारतीय कंपनीने घेतली व २०२४ मध्ये तिची जुन्या वळणाची घड्याळे पुन्हा बाजारात आली. अशा घड्याळांच्या किमती लाखांत असतात. काही कारखानदार तर नव्या तबकडीवरचे आकडे मुद्दाम पिवळट रंगवितात!

हे वाचून आम्हांस हसू आले नाही, कारण आम्ही नेमके उलटे करून बसलो आहोत. काही वर्षांपूर्वी घड्याळ दुरुस्तीस दिले असता कारागिराने विचारले, "तबकडी नवी करून देऊ?" आम्ही हौसेने होकार दिला. चारच्या आकड्याजवळ घामाने पडलेला तांबूस डाग गेला, अक्षरे ठसठशीत झाली. बाबांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारले, "हे कोणाचे?"

येत्या मार्गशीर्षात आमच्या चिरंजिवांचे लग्न आहे. त्यांना आजोबांचेच घड्याळ घालावयाचे आहे. "जुनी दिसेल अशी तबकडी पुन्हा रंगवून घेऊ या," असे त्यांचे म्हणणे. आम्ही नको म्हटले. आतले तेल सुकल्याने घड्याळ दिवसाकाठी दहा मिनिटे मागे पडते, तेवढे साफ करून तेल घालण्यास म्हापशाच्या एका वृद्ध कारागिराकडे दिले आहे. त्यांच्या हाताखाली शिकणारा मात्र आता कोणी नाही.