पित्ताची पिशवी काढली, आता मासे बंद?



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आपल्यातले काही जण लांबवलेलं ऑपरेशन उरकून घेतात. खड्यांमुळे पित्ताशय काढलं की घरची माणसं विचारतात, आता मासे बंद का?

बंद नाहीत. पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत फक्त साठतं. पिशवी गेली की ते थेंबथेंब सरळ आतड्यात येतं. त्यामुळे एकदम तेलकट जेवलं की काहींचं पोट फुगतं, जुलाब होतात.

पहिले काही आठवडे एवढं पाळा :

🐟 दोनदा पोटभर जेवण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं खा. पेज, मऊ भात चालतो.
🐟 लेपो, मुड्डोशी खा, पण तिखट-खोबरं कमी घातलेल्या हुमणात. तळलेलं नको. बांगडा, तारले तेलकट; ते नंतर, थोडे खाऊन बघा.
🐟 चहा-कॉफी कमी, दारू नको. भाज्या, फळं हळूहळू वाढवा.

बोटमालकांनो, डॉक्टर हो म्हणेपर्यंत अशा खलाशाला जाळं ओढायला लावू नका. दिवसभर उपाशी आणि रात्री ताटभर जेवण त्याला सोसणार नाही. तांडेलाने त्याच्यासाठी पेज वेगळी ठेवावी.

ताप, कावीळ, सतत उलट्या किंवा पोटात जोराची कळ आली तर घरगुती औषधं करत बसू नका. दर्यात असाल तर बोट मागे फिरवा. एक फेरी बुडाली तर भरून काढता येते, माणूस नाही.

आपला,
सचिव